घरातल्या घरात फोल्डर शेअर करायचा आहे? मग हे वाचा

आमच्या घरी सगळे फोटो बैठकीतल्या जुन्या डेस्कटॉपवर आहेत. बाबांनी स्कॅन करून ठेवलेला सातबारा, विम्याचे कागद, वीजबिलं, तेही तिथेच. काम मात्र आतल्या खोलीतल्या लॅपटॉपवर चालतं. कित्येक वर्षं शिरस्ता एकच होता: पेनड्राइव्ह शोधायचा, इथून काढून तिथे लावायचा. सापडला नाही तर फाइल स्वतःलाच व्हॉट्सॲप करायची.

बाबा सोसायटीचे खजिनदार होते त्या वर्षी हे आमच्या अंगाशी आलं. हिशोबाची फाइल चार जागी झाली होती. ‘हिशोब’, ‘हिशोब नवीन’, ‘हिशोब नवीन फायनल’ आणि पेनड्राइव्हवर आणखी एक ‘हिशोब’. वार्षिक सभेच्या आदल्या रात्री घाईत मी जुन्या फाइलची प्रिंट काढली. सभेत ज्यांनी पैसे भरले होते अशा दोन सभासदांची नावं थकबाकीत वाचली गेली. बाबांनी भर सभेत उभं राहून माफी मागितली. त्या रविवारी बसून मी डेस्कटॉपवरचा एक फोल्डर घरातल्या सगळ्यांसाठी उघडा केला, आणि तेव्हापासून हिशोबाची फाइल आमच्याकडे एकच आहे.

फोल्डर शेअर करणं म्हणजे एवढंच. फाइल एका संगणकावर राहते, बाकीचे संगणक आणि फोन घरच्या वायफायवरून ती तिथेच उघडतात. इंटरनेट लागत नाही. केबल तुटून दोन दिवस नेट बंद असलं तरी राउटर चालू असेपर्यंत हे चालतं, आणि तुमच्या प्लॅनमधला डेटाही यात खर्च होत नाही.

पुढच्या पायऱ्या विंडोज ११ प्रमाणे लिहिल्या आहेत. विंडोज १० मध्ये एखादं बटण वेगळ्या जागी असेल, बाकी रीत तीच. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, म्हणून तुमचा फोटोंचा संगणक त्यावरच असेल तर पासवर्डाबद्दल खाली जे लिहिलं आहे ते जास्तच मनावर घ्या. जुन्या लेखांत ‘होमग्रुप’ बनवा असं सांगितलेलं सापडेल. ती सोय विंडोज १० मधून २०१८ सालीच काढून टाकली आहे, शोधण्यात वेळ घालवू नका.

आधी राउटर किती आहेत ते बघा

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथे, आणि दोष मात्र विंडोजला देतात. नेटवाल्याने दाराजवळ एक डबा बसवलेला असतो. आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून आपण दुकानातून दुसरा राउटर आणतो आणि पहिल्यातून वायर ओढून त्याच्या ‘वॅन’ लिहिलेल्या भोकात खुपसतो. नेट दोन्हीकडे चालतं, म्हणून सगळं ठीक वाटतं. प्रत्यक्षात घरात दोन वेगळी नेटवर्क झालेली असतात, आणि बैठकीतल्या संगणकाला आतला लॅपटॉप दिसत नाही.

ओळखायचं कसं? दोन्ही संगणकांवर सेटिंग्ज उघडा, ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मध्ये जा, वायफाय असेल तर त्याच्या ‘प्रॉपर्टीज’ उघडा, वायर असेल तर ‘इथरनेट’. खाली ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ दिसेल, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. घरगुती राउटरवर दोन्ही संगणकांचे टिंबांनी तोडलेले पहिले तीन आकडे सारखे हवेत. एकाचा १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०.१०४ निघाला तर तुमच्याकडे दोन नेटवर्क आहेत.

यावर उपाय असा की दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ शोधून तो निवडायचा. बहुतेक नव्या राउटरमध्ये तो असतो. मग तो राउटर स्वतंत्र नेटवर्क न बनवता पहिल्याचंच नेटवर्क पुढे नेतो. हे जमत नसेल तर नेटवाल्याच्या माणसाला नेमक्या याच शब्दांत सांगा, तो करून देईल.

आणखी एक. लॅपटॉप ‘गेस्ट’ नावाच्या वायफायला जोडलेला नसावा. पाहुण्यांसाठीचं ते वायफाय घरातल्या इतर यंत्रांपासून मुद्दामच तोडलेलं असतं.

फोल्डर कुठल्या संगणकावर ठेवायचा

जो सहसा चालू असतो त्यावर. तो झोपला की फोल्डरही झोपतो, ही एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’, त्यात ‘पॉवर’मध्ये जाऊन वायर लावलेली असताना ‘स्लीप’ बंद करा किंवा वेळ लांबवा. स्क्रीन बंद झाली तर हरकत नाही.

त्या संगणकाला साधं नाव द्या. विंडोज स्वतःहून ‘डेस्कटॉप’पुढे सहा-सात अक्षर-आकड्यांची भेळ जोडून नाव ठेवतं, ते कुणाच्या लक्षात राहणार? सेटिंग्ज, ‘सिस्टीम’, आणि सगळ्यात वर ‘रिनेम’. नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता, १५ अक्षरांच्या आत. आमच्याकडे त्याचं नाव ‘बैठक’ आहे. संगणक एकदा बंद करून चालू करा.

नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा

मघाच्याच पानावर, जिथे आकडे पाहिले तिथे, ‘पब्लिक नेटवर्क’ आणि ‘प्रायव्हेट नेटवर्क’ असे दोन पर्याय आहेत. विंडोज बहुधा ‘पब्लिक’ धरून चालतं, म्हणजे तुम्ही स्टेशनवरच्या किंवा हॉटेलच्या वायफायला जोडलेले आहात असं मानून बाहेरच्यांना दार बंद ठेवतं. घरच्या वायफायसाठी ‘प्रायव्हेट’ निवडा. घराबाहेर कुठेही हे करू नका.

मग ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मध्येच ‘ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’ आणि त्यात ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’. ‘प्रायव्हेट नेटवर्क्स’खाली ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ ही दोन्ही चालू. विंडोज १० मध्ये हेच पान कंट्रोल पॅनेलमधल्या ‘नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर’मध्ये मिळेल. हे दोन्ही संगणकांवर करा.

त्याच पानावर खाली ‘ऑल नेटवर्क्स’मध्ये ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ असं एक बटण आहे. ते चालूच राहू द्या.

पासवर्ड काढू नका

या विषयावरचे व्हिडिओ पाहिलेत तर निम्म्यांत पहिलाच सल्ला असतो तो हे बटण बंद करून फोल्डर ‘एव्हरीवन’ला देऊन टाकण्याचा. त्याने काम पटकन होतं, हे खरं. पण मग तुमच्या वायफायवर येणाऱ्या प्रत्येकाला ते दार उघडं राहतं. वायफायचा पासवर्ड आपण कुणाकुणाला दिलेला असतो ते आठवा: वरच्या मजल्यावरची काकू, तिचा भाचा, टीव्ही दुरुस्त करायला आलेला मुलगा, मुलीच्या वर्गातल्या चार मैत्रिणी. त्यांच्यापैकी कुणाच्या मनात काही नसेलही. पण त्यांच्या एखाद्या लॅपटॉपमध्ये व्हायरस असेल तर तो उघडा फोल्डर शोधतोच, आणि त्यात लिहिता येत असेल तर त्यातल्या फाइलींना कुलूप घालून पैसे मागतो. घरातल्या लग्नांचे, बारशांचे, गेलेल्या माणसांचे फोटो त्या फोल्डरमध्ये असतात. त्यासाठी दहा मिनिटं जास्त गेली तर जाऊ देत.

लोक पासवर्ड का काढतात तेही मला ठाऊक आहे. दुसऱ्या संगणकावरून फोल्डर उघडताना विंडोज नाव आणि पासवर्ड विचारतं, आणि काहीही टाका, ‘चुकीचं आहे’ म्हणतं. माणूस वैतागतो. त्याची कारणं तीनच असतात.

पहिलं कारण पिन. रोज संगणक उघडताना आपण चार किंवा सहा आकडे टाकतो तो पिन, पासवर्ड नव्हे. पिन फक्त त्याच संगणकापुरता असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही. दुसरं कारण, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने उघडलेला संगणक असेल तर नाव म्हणून ईमेल लागतो आणि पासवर्डही त्या मायक्रोसॉफ्ट खात्याचा. तो कुणाला आठवत नसतो. तिसरं आपल्याकडे फार दिसतं: संगणकाला पासवर्डच नाही, चालू केला की थेट उघडतो. अशा बिनपासवर्डाच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेतच नाही.

तिन्हीवर एकच इलाज. फोल्डर ज्यावर आहे त्या संगणकावर फक्त शेअरिंगसाठी एक वेगळं खातं काढा. तुमचं रोजचं खातं जसं आहे तसंच राहील.

सेटिंग्ज उघडून ‘अकाउंट्स’ आणि त्यात ‘अदर युजर्स’ (विंडोज १० मध्ये ‘फॅमिली अँड अदर युजर्स’). ‘ॲड अकाउंट’ दाबा. विंडोज ईमेल मागेल, तो देऊ नका. खाली बारीक अक्षरांत ‘या व्यक्तीची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही’ अशा अर्थाची ओळ आहे, ती दाबा. पुढच्या खिडकीत ‘मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय युजर जोडा’ अशा अर्थाची ओळ दिसेल. ती दाबली की साधं नाव आणि पासवर्ड विचारला जातो. नाव इंग्रजी अक्षरांत लहानसं ठेवा, आमच्याकडे ते ‘घर’ आहे. पासवर्ड घरातल्या सगळ्यांना सांगता येईल असा, पण वायफायच्या पासवर्डापेक्षा वेगळा. तीन सुरक्षा-प्रश्नांची उत्तरं भरा, झालं.

हे नाव आणि पासवर्ड एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. सहा महिन्यांनी नवा फोन जोडताना तो कागदच उपयोगी पडतो.

आता फोल्डर

‘डॉक्युमेंट्स’, ‘पिक्चर्स’ किंवा डेस्कटॉपवरचा फोल्डर शेअर करू नका. हे सगळे तुमच्या खात्याच्या मोठ्या ‘युजर्स’ फोल्डरच्या पोटात असतात, आणि तिथलं काही शेअर केलं की अनेकदा विंडोज तो अख्खा ‘युजर्स’ फोल्डरच नेटवर्कवर मांडतं. डी ड्राइव्हवर, नसेल तर सी ड्राइव्हवर थेट बाहेर, नवा फोल्डर करा. अख्खा ड्राइव्ह कधीही शेअर करू नका.

मी दोन फोल्डर करायला सांगेन. एक ‘फोटो’, ज्यातलं सगळ्यांनी फक्त पाहायचं. दुसरा ‘देवघेव’, ज्यात सगळ्यांनी ठेवायचं, काढायचं, बदलायचं. फोल्डरच्या आतल्या फाइलींची नावं खुशाल मराठीत द्या, विंडोजला काही अडचण नाही. फोल्डरचं नाव मात्र इंग्रजी अक्षरांत ठेवलंत तर फोनवर आणि टीव्हीवर पत्ता टंकताना त्रास होत नाही.

पायऱ्या अशा:

१. फोल्डरवर उजवं क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, मग ‘शेअरिंग’ हा टॅब.

२. ‘शेअर…’ बटण दाबा. वरच्या पट्टीतला बाण दाबून यादीतून ‘घर’ हे खातं निवडा आणि ‘ॲड’ करा. यादीत ‘एव्हरीवन’ही दिसेल, त्याला हात लावू नका.

३. ‘घर’च्या समोर परवानगी दिसते. ‘फोटो’साठी ‘रीड’, ‘देवघेव’साठी ‘रीड/राइट’.

४. खालचं ‘शेअर’ बटण दाबा. विंडोज फोल्डरचा पत्ता दाखवेल, दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा: \\बैठक\देवघेव. तो कागदावर टिपून घ्या.

त्याच टॅबवर ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’ असंही बटण आहे. त्या वाटेने गेलात तर एक गोष्ट समजून घ्यावी लागते. नेटवर्कवरच्या फोल्डरला दोन कुलपं असतात. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने सोडलं तरी फ्लॅटचं दार उघडावंच लागतं, तसं. ‘शेअरिंग’ टॅबमधली परवानगी म्हणजे गेट आणि शेजारच्या ‘सिक्युरिटी’ टॅबमधली परवानगी म्हणजे दार. एकीकडे लिहायची मुभा आणि दुसरीकडे फक्त वाचायची असेल तर फक्त वाचताच येतं. नवशिक्यांनी वरच्या चार पायऱ्यांचीच वाट धरावी, त्यात विंडोज दोन्ही कुलपं स्वतः जुळवून घेतं.

दुसऱ्या संगणकावरून उघडताना

लॅपटॉपवर फाइल एक्सप्लोरर उघडा आणि वरच्या पत्त्याच्या पट्टीत \\बैठक लिहून एंटर दाबा, अर्थात इंग्रजी अक्षरांत. उलटी तिरकी रेघ बहुतेक कीबोर्डवर एंटरच्या वर असते. नाव-पासवर्ड विचारला की नावाच्या जागी बैठक\घर असं दोन्ही लिहा, म्हणजे संगणकाचं नाव, उलटी रेघ, खात्याचं नाव. नुसतं ‘घर’ लिहिलं तर कधीकधी लॅपटॉप ते खातं स्वतःवरच शोधत बसतो. ‘रिमेंबर माय क्रेडेन्शियल्स’वर टिक करा.

दोन फोल्डर दिसले? आता लगेच परीक्षा घ्या. ‘देवघेव’मध्ये एक नवी फाइल करून पुसून टाका, जमलं पाहिजे. मग ‘फोटो’मध्ये तेच करायचा प्रयत्न करा. तिथे विंडोजने नकार द्यायला हवा. नकार आला नाही तर परवानगी चुकली आहे, मागे जाऊन दुरुस्त करा. ही परीक्षा बहुतेक जण घेत नाहीत, आणि वर्षभराने कुणाच्या तरी हातून फोटोंचा फोल्डर भलतीकडे ओढला जातो.

रोज पत्ता टंकायला नको म्हणून त्याला ड्राइव्हचं अक्षर देऊन ठेवा. एक्सप्लोररमध्ये ‘धिस पीसी’वर जा, वरचे तीन ठिपके दाबा, ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’. अक्षर झेड घ्या, पत्ता पूर्ण लिहा, ‘रीकनेक्ट ॲट साइन-इन’वर टिक. पुढे सी आणि डीच्या रांगेत झेडही दिसू लागेल. घरातल्या मोठ्यांना सांगायला हे फार सोपं जातं: ‘बाबा, झेडमध्ये ठेवलंय.’

उघडलं नाही तर

नावाऐवजी आकडे टाकून पाहा: \\१९२.१६८.१.५ (बैठकीतल्या संगणकाचा पत्ता, तोही इंग्रजी आकड्यांत). आकड्यांनी उघडलं आणि नावाने नाही, तर वाट मोकळी आहे, फक्त नाव सापडत नाही. सरळ आकडेच वापरा. मात्र राउटर हे आकडे अधूनमधून बदलतो, म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी (यंत्रांना हे आकडे वाटणारा भाग) उघडून त्यात ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ शोधून त्या संगणकासाठी तो पत्ता राखून ठेवा.

आकड्यांनीही उघडलं नाही, ८००७००३५ असे आकडे असलेली चूक आली, तर क्रमाने बघा: बैठकीतला संगणक जागा आहे का, दोघांचे पहिले तीन आकडे जुळतात का, दोन्हीकडे ‘प्रायव्हेट’ आहे का, ऑफिसचं व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची सोय) चालू राहिलंय का. शेवटी विकतचा अँटिव्हायरस. त्यांपैकी काहींची स्वतःची फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्यांना अडवणारी भिंत, असते आणि विंडोजमध्ये ‘प्रायव्हेट’ केलं तरी ती वेगळी सांगावी लागते. ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर बरंच काही ऑफिसनेच बंद केलेलं असू शकतं. तिथे झटापट करू नका.

पासवर्ड बरोबर असूनही नकार येत असेल तर पूर्वी साठवलेला चुकीचा पासवर्ड मध्ये येत असतो. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’, त्यात ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’, बैठकीच्या नावाची नोंद काढून टाका, लॅपटॉप एकदा बंद करून चालू करा.

‘नेटवर्क’ फोल्डरमध्ये संगणक दिसत नाही म्हणून बरेच जण घाबरतात. दिसला नाही तरी पत्ता टंकून उघडतोच, त्यामुळे त्या यादीकडे फार लक्ष देऊ नका.

एक सल्ला हमखास मिळेल: ‘एसएमबी १.०’ चालू करा. एसएमबी म्हणजे फाइली वाटण्यासाठी संगणक आपसांत जी भाषा बोलतात ती, आणि १.० ही तिची सगळ्यात जुनी बोली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या किड्याने याच बोलीतल्या एका भगदाडातून जगभरातले संगणक पकडले, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. त्या भगदाडाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिली होती, ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. त्या शरद ऋतूपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये ही बोली आपोआप येईनाशी झाली. एखादा जुना टीव्ही किंवा एक्सपीवरचा संगणक तिच्यावाचून अडत असेल तर त्याला पेनड्राइव्हच बरा.

आणि राउटरमधून ४४५ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे फोल्डर शेअरिंगचं दार, बाहेर इंटरनेटला उघडून ‘ऑफिसमधूनही फोल्डर बघू’ असा बेत कुणी सुचवला तर तो करू नका. हा रस्ता घरातल्यांसाठी आहे.

फोन, मॅक, लिनक्स

आयफोनवर ‘फाइल्स’ ॲप उघडा, ‘ब्राउज’मधले तीन ठिपके, ‘कनेक्ट टू सर्व्हर’, तिथे बैठकीचे आकडे आणि तेच नाव-पासवर्ड. ही सोय २०१९ पासून आहे. अँड्रॉइडवर सीएक्स फाइल एक्सप्लोररसारखं ॲप लागतं, त्याच्या ‘नेटवर्क’ टॅबमध्ये तीच माहिती भरायची. फक्त व्हिडिओ बघायचे असतील तर व्हीएलसी पुरतं. मॅकवर फाइंडरच्या ‘गो’ मेन्यूमध्ये ‘कनेक्ट टू सर्व्हर’, आणि पत्ता एसएमबी://१९२.१६८.१.५ असा, सरळ तिरक्या रेघांनी. लिनक्सवाल्यांना सांबा, म्हणजे लिनक्सला एसएमबी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर, माहीत असतंच. ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेलने ते लिहिलं आणि नाव शोधताना शब्दांच्या यादीत एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने असलेला शब्द धुंडाळला.

वेग

तुमचा इंटरनेट प्लॅन ५० चा असो की ३०० चा, घरातल्या घरात फाइल हलवायला त्याचा संबंध नाही. संबंध राउटर आणि वायरीचा. राउटरवर वायर लावायचा पोर्ट साधा १०० एमबीपीएसचा (सेकंदाला १०० मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट) असेल तर सेकंदाला फार तर ११-१२ एमबी जातात, गिगाबिट असेल तर ११० च्या आसपास. ४० जीबी फोटो पहिल्या वाटेने तासभर घेतात, दुसऱ्या वाटेने, डिस्क तेवढी चपळ असेल तर, सहा-सात मिनिटं. गिगाबिटला वायरीतल्या आठही तारा लागतात, एक जरी क्लिपमध्ये सैल असली तरी वेग गुपचूप १०० वर येतो. वायफायवर भिंतीगणिक वेग घटतो, म्हणून पहिली मोठी कॉपी वायर लावून करा.

पुसताना जपून

नेटवर्कवरच्या फोल्डरमधून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. लॅपटॉपच्याही नाही, बैठकीतल्याही नाही. ती गेलीच. घरातल्या प्रत्येकाला हे तोंडी सांगा, मुलांना आधी. आणि ‘सगळं झेडमध्ये आहे’ म्हणजे दुसरी प्रत आहे असं नव्हे. एक वेगळी हार्ड डिस्क आणून महिन्यातून एकदा दोन्ही फोल्डर तिच्यावर उतरवा आणि काढून कपाटात ठेवा. लावलेली राहिली तर संगणकाला जे होईल ते तिलाही होईल.

एकच एक्सेल फाइल दोघांनी एका वेळी उघडली तर दुसऱ्याला ‘लॉक्ड फॉर एडिटिंग’ असा निरोप येतो. त्या वेळी ‘सेव्ह ॲज’ करून ‘हिशोब २’ बनवू नका. आतल्या खोलीत हाक मारा, ‘फाइल बंद कर गं’, आणि मग उघडा.

श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या फाइली दुसऱ्या संगणकावर उघडल्या की मराठीच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं दिसतात. फाइल बिघडलेली नसते, त्या संगणकावर तो फॉन्ट नसतो. वाचण्यापुरती हवी असेल तर मूळ संगणकावरच तिची पीडीएफ करून ‘देवघेव’मध्ये टाका. पुढचं टंकन युनिकोडमध्ये करा, म्हणजे ती फोनवरही वाचता येईल.

सगळं जुळलं की दोन्ही संगणक बंद करा आणि दुसऱ्या दिवशी आधी बैठकीतला, मग लॅपटॉप चालू करा. झेडवर लाल फुली दिसली तर एकदा डबल क्लिक करा, बहुतेक वेळा उघडतो. उघडला, आतली फाइल दिसली, की तो पेनड्राइव्ह रिकामा करून ठेवायला हरकत नाही.